भात न्हाई, भूक हाय

गुरुजी,

तालमीला बाहेरचं माणूस डोकावलं की तुम्ही दार लावून घ्यायचात. शिजेपर्यंत झाकण काढू नये, म्हणायचात. तुमच्यामागे झाकण आम्ही फेकून दिलं आहे. बाजारकुणंगच्या आपल्या नाटक मंडळीची तालीम आता फोनवर दिसते, आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेलेसुद्धा तिथून माझ्या मिशीबद्दल सल्ले देतात. तुम्ही जन्मभर एक सहृदय शोधत होतात. इथे फोनवर जो तो लाल बदाम पाठवतो.

तुमचं नाटक यंदाच्या जत्रेत करायचं ठरलं, वही काढली, तर राक्षसाच्या प्रवेशाचं पद वाळवीनं खाल्लेलं. ते न मिळतं तर प्रवेशच गाळावा लागला असता, आणि राक्षस मी. माझे श आणि ष वेगळे होईनात म्हणून तुम्हीच ही भूमिका दिली होतीत, ती मी अजून सोडलेली नाही. आठवलं तेवढं गाऊन व्हिडिओ टाकला, पुढचं कुणाला येत असेल तर कळवा म्हटलं. दोन दिवस नुसते बदाम. तिसऱ्या दिवशी अणशीहून मावशींचा आवाज फोनवर भरून आला, तालमीच्या वेळी मंडळीला रांधून घालायच्या त्या. "तुजा राकीस लई रडका हाय बग. मास्तरांचा हसत यायचा." आणि हसत हसत त्यांनी अख्खं पद म्हटलं. पालुपद होतं, "भात न्हाई, भूक हाय."

मी ते तीनदा ऐकलं. एका 'न्हाई'पायी तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, भात संपल्यावर तुम्ही आणखी मागितलात, तेव्हा त्या हेच बोलल्या आणि तुम्ही उष्ट्या हातानं लिहून घेतलंत. म्हणजे झाकण तुम्हीही काढत होतात, फक्त स्वयंपाकघरात.

मावशींचा आवाज आम्ही होता तसा सगळीकडे पाठवला. रामनगरच्या कुणी त्यावर ढोल वाजवून परत धाडला. तोच ठेका नाटकात घेतला. जत्रेत मी हसत प्रवेश केला, ठेका बरोबर पकडला, आणि तोंडातून निघालं, "भात नाही, भूक आहे." सगळा मांडव एका आवाजात म्हणाला, "न्हाई." उरलेलं पद मग लोकांनीच म्हटलं, मी हात हलवत उभा.

लोकांना गाण्यात ओढायला मुद्दाम चुकलो, असं मी मंडळीत सांगितलं. ते सगळ्यांना इतकं पटलं की पुढच्या प्रयोगातही तसंच चुकायचं ठरलंय. हे पत्र वहीतच ठेवतो. फोनवर टाकलं तर तुमच्याआधी गाव वाचेल. मुद्दाम नव्हतं, गुरुजी. पहिल्या रांगेत तुम्ही बसल्यासारखं वाटलं, आणि मी घाबरलो.