परमुलखातल्या सोनाराचा निरोप

आण्णा, मी गेल्या महिन्यात स्वित्झर्लंडला जाऊन आले. दागिन्यांच्या कामासाठी गेले होते, हे ऐकून तुम्ही फुंकणी खाली ठेवली असती आणि चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं असतं. तिथे दागिन्यांचा मोठा व्यापारी मेळा भरतो, देशोदेशीचे कारखानदार आपापला माल मांडतात. मुंबईत ज्या कंपनीत मी दागिन्यांची डिझाइनं करते, तिने यंदा मला पाठवलं. मी शेवटी याच धंद्यात शिरले, हे तुम्हाला कळायच्या आत तुम्ही गेलात, म्हणून आधी तेवढं सांगितलं.

शहर नदीकाठचं आहे. पाणी हिरवं आणि नितळ, आणि त्याला अगदी लागून घड्याळांची, कापडाची दुकानं. आपण महाडची माणसं, नव्या गावात गेलो की आधी भिंतीवर पुराची खूण शोधतो. एका जुन्या दगडी घराच्या कोपऱ्यावर ती सापडली. माझ्या कमरेएवढी, रेघ कोरून पुढे साल घातलेलं. कुणाचं तरी दुकान इथेही बुडालं होतं म्हणायचं. उगीच जरा ओळखीचं वाटलं.

मेळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा आगगाडीने डोंगरात गेले. उतारावर बायका गवत ओढून गोळा करत होत्या, गायींच्या गळ्यात तांब्याएवढ्या घंटा. मला आपल्याकडचं डोंगरावरचं कुडपण आठवलं. तिथल्या एका लग्नघरी तुम्ही नथ आणि पुतळ्यांची माळ पोचवायला निघालात आणि मीही हट्टाने सोबत आले. माळ तुमच्या कमरेला फडक्यात बांधलेली, आणि वाटेत चारदा तुम्ही ती चाचपून बघता. वर पोचल्यावर त्यांनी ताक दिलं. तुम्ही ओट्यावर बसून खालच्या खोऱ्याकडे बघत म्हणालात, "इथं दुकान टाकलं तर पाणी शिरायचं नाही." घरधनी हसला. "आनि गिऱ्हाईक कुठनं येल, आण्णा? आमी काय रोज लग्नं करताव?" तुम्हीही हसलात, पण परत उतरताना दोनदा वळून त्या ओट्याकडे बघितलंत. तिकडे त्या आगगाडीतून डोंगराला बांधलेल्या पोलादी जाळ्या दिसत होत्या, दरड गावावर येऊ नये म्हणून. आपल्या तालुक्यातल्या तळीयेचं तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्यामागे तिथे डोंगर खाली आला, घरं माणसांसकट गेली. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, घाट लागतो मला.

मेळ्यात सगळं काचेच्या आड. कुणी मोठ्याने बोलत नाही, गिऱ्हाईक हिरा बघतानाही चेहरा हलू देत नाही. आमच्या मांडणीपाशी उभी राहून राहून पाय दुखले, तेव्हा दुपारी एक फेरी मारायला निघाले. अगदी टोकाला त्याच देशातल्या एका खेड्यातला म्हातारा सोनार आणि त्याची मुलगी काम करून दाखवत होते. तिथल्या बायकांच्या सणाच्या पोशाखाला चांदीची बटणं लागतात, बारीक तारेची, जाळीसारखी. म्हातारा मान वर न करता हात पुढे करायचा आणि मुलगी त्यात हवं ते हत्यार ठेवायची. मी इतका वेळ उभी राहिले की मुलीने इंग्रजीत विचारलं, "बसायचंय का?"

मी बसले. आणि आण्णा, बसताना मी आधी मागे वळून बघितलं. ज्या वर्षी दुकानात माळ्यापर्यंत पाणी चढलं, त्या वर्षीचं आठवलं. तुम्ही नि आई गाळ घमेल्यात धुऊन सोन्याचे कण शोधत होतात. पुढे दुकान पुन्हा लागलं आणि एकदा तुम्ही जेवायला गेलेले बघून मी तुमच्या जागेवर बसले, तुमचं बघून बघून शिकले होते तसा तारेला पीळ देऊ लागले. तुम्ही दारातून ओरडलात, "ऊठ तिथनं. पुन्हा बसलीस तर बघ." मी मुलगी म्हणून, असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. तुम्ही गेल्यावर एकदा आई म्हणाली, "तसं काय नाय गो. ते मला बोलले, माझं आयुष्य गाळ उपसन्यात गेलं, पोरीचं नको जायाला. हात चांगलाय तिचा, म्हून जास्त भीती वाटते." हात चांगला आहे, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

तर मी त्या म्हाताऱ्याच्या पाटावर तार वळवली. दोन वेढे झाल्यावर त्याने माझ्या मनगटावर टिचकी मारली आणि त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मुलगी हसून म्हणाली, "पकड इतकी आवळू नकोस म्हणतायत. तार काय पळून चालली नाही." कामात मला कुणी रागावलं त्याला फार वर्षं झाली होती. मी पकड सैल केली. नक्षी पुरी झाली तेव्हा त्याने ती दिव्याखाली धरली आणि मुलीकरवी विचारलं, "कुणी शिकवलं?"

"वडिलांनी," मी म्हटलं.

"ते अजून बसतात कामाला?"

मी म्हटलं, "हो, रोज." म्हातारा खूश झाला. जागेवरून अर्धवट उठून त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ बोलला. मुलीने थोडक्यात सांगितलं, "तुझ्या वडिलांना नमस्कार सांग म्हणतायत. इतक्या लांब आपलंच काम करणारं माणूस आहे, हे ऐकून बरं वाटलं."

तो नमस्कार पोचवायचा राहिला होता, म्हणून आज लिहायला बसले. आईला मेळ्याचं, गायींचं, थंडीचं सगळं सांगितलं. हे मात्र सांगितलेलं नाही. तुम्ही नाही आहात हे मी त्या माणसाला सांगू शकले असते, त्याने काही बिघडलं नसतं. पण त्याने विचारलं तेव्हा तुम्ही दुकानात बसलेले मला दिसत होतात, आणि 'नाही' म्हणायला तोंड उघडेना.