सातच्या बातम्या आणि घराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय शिवणकाम, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, कोणी हात धरून हे लिहवून घेतलेले नाही, आणि यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. ती दोन्ही रागात केली होती. आता राग नाही, पण जिवाला स्वस्थताही नाही. दोन ओळी लिहिते आणि उठून खिडकीपाशी जाऊन येते. अक्षर वेडेवाकडे दिसले तर कारण एवढेच समजावे.

१. राहते घर, म्हणजे खालची शिवणाची खोली आणि वरच्या दोन खोल्या, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझ्या मुलीला मिळावे. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी दोघांनी सारखी वाटून घ्यावी. "घर तिलाच का?" असे मुलगा विचारील. त्याचे उत्तर कलम तीनमध्ये आहे, त्यासाठी त्याने वकील गाठू नये.

२. शिवणयंत्र आणि कात्र्या माझ्याकडे काजे करायला बसणाऱ्या बाईंना द्याव्यात. मोठ्या कात्रीने कागद कापायचा नाही, ही अट. ज्या दुकानदाराने आम्हाला डीव्हीडी रेकॉर्डर विकला आणि तबकडी भरल्यावर ती यंत्रातच बटण दाबून कायमची बंद, म्हणजे 'फायनलाइज', करावी लागते, नाहीतर दुसरीकडे कुठे चालत नाही, हे सांगितले नाही, त्याला माझ्याकडून काही नाही. क्षमासुद्धा नाही.

३. डीव्हीडी रेकॉर्डर. इथे मला सविस्तर लिहिले पाहिजे.

माझी मुलगी तरुणपणी गावातल्या एका छोट्या वाहिनीवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचायची. माझे यजमान पाणीखात्यात मीटर तपासनीस होते. त्यांनी खास तिच्यासाठी हे यंत्र आणले. वीज गेली की यंत्राचे घड्याळ शून्यावर यायचे आणि लावून ठेवलेली वेळ पुसली जायची, म्हणून ते कामावरून सायकल दामटत घरी यायचे आणि स्वतः बटण दाबायचे. वर्षभरात वाहिनी बंद पडली. मुलगी शाळेत शिकवू लागली. तबकड्या कपाटात राहिल्या.

पुढे म्हातारपणी यजमानांना विसर पडू लागला. आधी माणसांची नावे गेली, मग माणसे. एका संध्याकाळी ते येरझारा घालत "सात वाजले, लाव की" म्हणू लागले. मी एक तबकडी लावली. मुलगी पडद्यावर आली आणि ते शांत बसले. पण त्या दिवशीच्या बातम्यांत नदीची पातळी वाढल्याचा इशारा होता. ते ताडकन उठले आणि खालचे कापडाचे गठ्ठे जिन्यावरून वर नेऊ लागले. बाहेर लख्ख ऊन होते. मी म्हटले, "अहो, ही जुनी बातमी आहे." ते म्हणाले, "पाण्याचं मला शिकवू नकोस." सकाळी गठ्ठे मी खाली आणायचे, संध्याकाळी ते वर न्यायचे. शेवटी मी सगळ्या तबकड्या चाळल्या आणि ज्यात पूर नाही, आग नाही, अशी एक शोधून काढली. रस्त्याचे डांबरीकरण, बागेचे उद्घाटन, हवामान कोरडे. तीच रोज लावू लागले.

मग एके दिवशी यंत्राचा कप्पा अडकला. कसाबसा उघडून तबकडी काढली, पण यंत्र ती वाचेना. मुलगा म्हणाला, "दे इकडे, मी मोबाइलवर घालून देतो." त्याने सगळ्या तबकड्या संगणकात घालून पाहिल्या आणि वडिलांसमोरच म्हणाला, "आई, या कोऱ्या आहेत. बाबांनी कधी काही रेकॉर्ड केलेलंच नाही. आता त्यांना कुठेतरी नीट सोय असेल तिथे ठेवू या." मी रोज बघत होते असे मी सांगितले, ते त्याने कानावर घेतले नाही. यजमानांना बाकी काही कळत नव्हते, पण मुलाचे बोलणे कळले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. त्या दिवशी आलेली मुलगी भावाला म्हणाली, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस." तो बोलला नाही. तीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळा सुटली की बस बदलून इकडे येऊ लागली. सात वाजता ती टीव्हीच्या पुढ्यात खुर्ची टाकून वडिलांकडे तोंड करून ताठ बसायची, हातात वर्तमानपत्र घ्यायची आणि बातम्या वाचायची. वाईट बातमी आली की न अडखळता बागेचे उद्घाटन करून टाकायची. पहिले काही दिवस ते तिच्यावर खेकसले, "बाजूला हो, दिसत नाही." ती हलली नाही. हळूहळू ते ऐकू लागले. शेवटच्या आठवड्यात मला हळूच म्हणाले, "ही कोण गं? आपल्या मुलीपेक्षा बरी वाचते." मुलगी हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. म्हणून घर तिचे.

४. मुलाबद्दल. यजमान गेल्यावर काही दिवसांनी तो दारात उभा राहिला. हातात खोके. त्याला कोणीतरी सांगितले होते की बंद न केलेली तबकडी संगणकाला कोरी दिसते. तेव्हापासून तो जुन्या सामानाच्या जाहिराती धुंडाळत होता आणि अगदी त्याच बनावटीचे यंत्र त्याने मिळवले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "उशीर झाला, माहीत आहे. पण बाबा रोज काय बघायचे ते मी एकदाही त्यांच्याशेजारी बसून बघितलं नाही. एकदा लाव."

लावली. तो यजमानांच्या जागी बसून बघत होता. तेवढ्यात मुलगी आली. जिन्यातच तिने स्वतःचा आवाज ऐकला, वर भावाच्या चपला पाहिल्या, आणि आल्या पावली परत गेली. त्याने पडद्यावरून नजर न काढता विचारले, "गेली?" मी म्हटले, "गेली."

तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. माझ्यामागे ही दोघे एकमेकांना कुठे भेटणार?

५. म्हणून दोन्ही रेकॉर्डर आणि सगळ्या तबकड्या मी मुलाला देते. मुलीला त्या नको आहेत, तिने तसे सांगितले आहे. अट अशी की यंत्र वरच्या खोलीतून हलवायचे नाही. मुलाला बघावेसे वाटेल तेव्हा त्याने बहिणीच्या घरी यावे, आणि बहिणीने दार उघडावे.

वकीलबाईंनी हे वाचून डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही."

मी म्हटले, "कोर्टात नको. घरात टिकली की झालं."

लिहून देणार: (सही)

आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली. सही करतानाही त्या उभ्याच होत्या.

साक्षीदार १: समोरच्या घरातले चष्मेवाले (सही)
साक्षीदार २: औषधांच्या दुकानातल्या बाई (सही)

स्थळ: शिवणाच्या खोलीतले बेतायचे टेबल
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी