इल्मोची ओळ

४ फेब्रुवारी

आज पुन्हा पिर्कोबाई! स्की क्लबच्या अध्यक्ष झाल्यापासून त्यांना जुनं काही दिसलं की खुपतं. "इल्मो नॉर्वेत ट्रॉम्सोला जाऊन वर्ष झालं. त्याला आपल्या सर्व्हरवर प्रवेश कशाला? काढून टाक."

काढायचं म्हणजे एवढंच — हेलसिंकीतल्या त्या मशीनला घरूनच जोडून घ्यायचं, आत येऊ शकणाऱ्यांच्या डिजिटल चाव्यांची फाइल एडिटरमध्ये उघडायची आणि त्याची ओळ पुसायची. दोनच ओळी आहेत, त्याची आणि माझी. ओळ आहे तोवर तो कुठूनही आत येऊ शकतो.

करते म्हटलं. केलं नाही.

९ फेब्रुवारी

क्लबच्या साइटवर स्कीच्या वाटांची माहिती बदलली. तळ्याकाठची वाट छान, जंगलातली बंद. सर्व्हरवर शिरले की आधी कोण कोण जोडलेलं आहे ते बघते. मी एकटीच. पूर्वी तो असायचा. मी लिहायचं, त्यानं मागून येऊन विशेषणं छाटायची! "कविता नको, साइमी. बर्फ कसाय ते सांग." किती चिडायचे मी! आता कुणी छाटत नाही, तर लिहावंसंच वाटत नाही.

१० फेब्रुवारी

नाही पुसली. पुसली की तो खरंच गेला.

१७ फेब्रुवारी

क्लबात बन खाताना पिर्कोबाई सगळ्यांसमोर — "ती ओळ काय लोणचं घालायला ठेवलीयस?" सगळे हसले. मीही हसले. कान तापले होते.

तणतणत घरी आले, फाइल उघडली, ओळ उडवली, सेव्ह केलं, खिडकी बंद. परत जोडायला गेले तर — प्रवेश नाही! चावी म्हणजे अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ, नाव तिच्या शेवटी असतं. त्याचं नाव मथळा समजून मी त्याखालची ओळ उडवली. माझी! नवख्यांना मीच बजावते, दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय ना बघा, मगच पहिली बंद करा.

आता आत जाऊ शकणारा एकच माणूस. खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. फोन करायला कारण मिळालं.

१८ फेब्रुवारी

आधी पोटभर हसला. "माझी ओळ पुसायला गेलीस आणि स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावलंस? धन्य आहेस!" मग बर्फ कसाय, आई कशीय, बन जॅमचा खाल्लास की बदामाचा. जॅमचा म्हटल्यावर "शी!" अगदी तस्संच.

"तुझी चावी पाठव, संध्याकाळी घालतो."

ईस्टरला येतोस? "बघू." 'बघू' म्हणजे 'नाही' नव्हे! परत ये म्हणायचं होतं. "पाठवते" म्हटलं.

१९ फेब्रुवारी

आत जाता आलं. फाइल उघडली. एकच ओळ आहे. माझी.