बाद केलेल्यांची घरं

३ नोव्हें., सोम.
दिवसभर फोन. शोरूमला गाडी बघून गेलेल्यांना विचारायचं, घेताय का? नाही म्हणाले की सिस्टीममध्ये नाव बाद. बाद करताना कारण लिहावंच लागतं, नाहीतर पान पुढं सरकत नाही. वालूरचे लय जण ऊसतोडीला गेलेत. लिहिलं, 'घराला कुलूप. गुढीपाडव्यानंतर फोन करणे.' मॅनेजर सर म्हणाले, तुझ्यासारखं सविस्तर कुणी लिहीत नाही. मी फुगले जरा.

७ नोव्हें., शुक्र.
नावांचं टार्गेट भरेना. सगळे घरचीच नावं घुसडतात. मीही गावाकडं, झरीला असलेल्या माझ्या दादाचं टाकलं, लगेच बाद केलं. दादा-वहिनी कालच टोळीबरोबर गेले. कारण: 'ऊसतोडीला. घरी आई एकटी, कमी ऐकू येतं, फोन उचलत नाही.' खोटं काहीच नाही त्यात.

१४ नोव्हें., शुक्र.
वालूरहून एका काकांचा फोन. "बाई, आमच्या भावाचं घर फोडलं की. भांडीबी ठिवली न्हाईत. आदल्या दिशी एक जण शोरूमचा म्हून इचारून गेलता, कवा येनार म्हून."
आम्ही कुणाला पाठवलं नाही. सरांना सांगितलं. हसले. म्हणे या दिवसांत घरं फुटतातच.

१९ नोव्हें., बुध.
पेपरात मानवतकडच्या दोन चोऱ्या. घरमालकांची नावं सिस्टीममध्ये शोधली. दोन्ही मीच बाद केलेली. 
नाव कुणी उघडून पाहिलं तेही दिसतं तिथं: 'शोरूम'. सगळ्यांचा आयडी एकच, पासवर्ड काचेवर चिकटवलेला. सर, वर्कशॉपवाले, फिरतीवरचा संजय, मी... सगळेच शोरूम.
संजयनं डबा पुढं केला. "घे की, ठेचा हाय." हात पुढं होईना. उगीच कुणावर संशय घ्यायचा तरी कसा.

२१ नोव्हें., शुक्र.
लिहिलेली कारणं पुसायला गेले. एकदा बाद केलं की बदलायला वेगळा पासवर्ड लागतो, तो फक्त सरांकडं. सगळं सांगितलं त्यांना. त्यांनी विचारलं, "हे कुणाला बोललीस का?"
नाही म्हटलं.
"बरं केलंस."
यात बरं काय? कारणं अजून तशीच आहेत.

२४ नोव्हें., सोम.
दुपारी दादाचं नाव काढून पाहिलं. काल उघडलंय कुणीतरी. काल रविवार, शोरूम बंद.
आईला फोन लावला. नुसता वाजतोय. ती उचलत नाही हे मला माहीत आहे, आणि आता माझ्यामुळं दुसऱ्यालाही.
शेजारच्या कमलकाकूला लावला. "बरी हाय की तुजी माय. तू धाडलेला मानूस आत्ताच गेला. सांजच्याला परत येतो म्हनला."
मी कुणालाच धाडलं नाही. काकूला म्हटलं, आईला तुमच्याकडं न्या, कुठलाही माणूस आला तरी तिला एकटी सोडू नका. दोनदा जाऊन आली बिचारी. "ऐकंना गं. म्हनती, लेकीच्या हापिसातलं मानूस हाय, चहा-पोहे करायलेय."
कुणालाही न विचारता निघाले. निघताना पाहिलं, संजय फिरतीवर. सरांची खुर्चीही रिकामी.
स्टँडवर बसून लिहितेय. अंधारून आलं. झरीची गाडी अजून लागली नाही. आईनं त्याच्या चहासाठी दूध आणून ठेवलं असेल.