दोनशे ऐंशी मीटर अपुरं वर्तुळ

क्लूनर्डा,
गुरुवार, दुपारच्या चहानंतर

आदरणीय फादर कोलमन हेशन यांस,

थोरल्या बहिणीचा आदरपूर्वक नमस्कार. (ज्याचं नाक मी पुसलं त्याला फादर म्हणणं मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही. पण आईला आवडलं असतं, म्हणून पाकिटावर आणि इथे एकदा लिहिते. पुढे नुसतं कोलमन.) तुझा गुडघा कसा आहे? फ्लोरिडातल्या उकाड्यामुळे हल्ली तुला निम्माच गोल्फ खेळून परतावं लागतं, असं तू ईस्टरच्या कार्डात लिहिलं होतंस. वाचून फार वाईट वाटलं. इथे तो त्रास नाही. मे महिन्यात दोन दिवस ऊन पडलं आणि त्यातल्या एका दिवशी मी डोळ्यांच्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत बसले होते.

डॉक्टर म्हणजे कालचं पोर, त्याला गोवराची लस मीच टोचली होती. फळ्यावरच्या चौथ्या ओळीत मी जी अक्षरं वाचली ती तिथे नव्हतीच, असं त्याचं म्हणणं. अडतीस वर्षं या भागात मी नर्स म्हणून गाडी चालवली, बर्फात, पुरात आणि एकदा मागच्या सीटवर जुळी जन्माला येत असताना, पण त्याच्या फळ्याला त्याचं काही नाही. लायसन्स गेलं. गाडी दारात उभी आहे आणि तिच्या टपावर शेजाऱ्यांचं मांजर झोपतं.

गाडीचं मला दुःख नाही, दुःख आहे ते डिंपना हेराटीचं. (शाळेत माझ्या बाकावर बसायची ती. तू पाद्री व्हायला सेमिनरीत गेलास तेव्हा दोन दिवस रडली होती. तुला सांगितलं नव्हतं, सांगून उपयोगही नव्हता.) जानेवारीत कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून ती नर्सिंग होममध्ये आहे. रोज चार वाजता मी जायचे, आदल्या दिवशी कोण गेलं ते पेपरातून वाचून दाखवायचे, मग दोघी मिळून त्या माणसाबद्दल पेपरात न छापलेलं आठवायचो. नर्सिंग होम गावापासून तीन किलोमीटरवर, हमरस्त्यालगत. त्या रस्त्याला पायवाट नाही, आणि लाकडाचे ट्रक असे जातात की कुंपणाची पानं गळतात. बस मंगळवारी जाते आणि बुधवारी परत येते. पहिल्या पाच आठवड्यांत मी दोनदा गेले, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे. दुसऱ्यांदा डिंपना म्हणाली, "आता अंत्ययात्रेलाच येशील थेट." मी म्हटलं, त्याला तरी गाडी मिळेल.

म्हणून गावाभोवती पायी आणि सायकलनं फिरण्यासाठी गोल मार्ग करायचं निघालं तेव्हा मी पहिल्या सभेला पहिल्या रांगेत होते. पुलापासून निघून नदीकाठानं, जुन्या गिरणीमागून, नर्सिंग होमच्या मागच्या फाटकाजवळून, पुन्हा पुलाशी. नऊ किलोमीटर, आणि त्यात ट्रक एकही नाही. मी त्याच आठवड्यात तीनचाकी सायकल मागवली, मोठ्या माणसांची, मागे टोपली असलेली. (हसू नकोस. घोट्यापर्यंत झगा घालून तू चाळीस वर्षं लोकांसमोर वावरलास, मी हसले नाही.)

समितीचा अध्यक्ष मॉरिस गॅव्हिगन, हार्डवेअरच्या दुकानाचा. त्याला साठाव्या वर्षी सायकलचा नाद लागला आहे आणि तो सभेलाही त्या घट्ट चड्डीतच येतो. मी नर्स होते, मला मानवी देहाचं नावीन्य नाही, पण चहाच्या वेळी तरी माणसानं कोट घालावा. मार्ग हवा यावर सगळ्या गावाचं एकमत झालं. आपल्या घरामागून नको यावरही एकमत झालं. आणि आपल्याकडची माणसं नाही कुठे म्हणतात? एकवीस जमीनवाल्यांना मी स्वतः भेटले. प्रत्येकानं चहा दिला, हॅम सँडविच दिलं, आईची आठवण काढली आणि म्हटलं, "माझी काय हरकत असणार, नर्सबाई? बघू की." तू परदेशात राहून विसरला असशील, इथे 'बघू की' म्हणजे माझ्या प्रेतावरून जा. पण मीही काही कच्ची नाही. ज्याच्या पाठीला मी इंजेक्शनं दिली त्याला ती किती ठिकाणी दिली याची आठवण करून दिली. वीस जणांनी सह्या केल्या.

राहिला जार्लथ लॅव्हिन. गिरणी आणि नर्सिंग होम यांच्या मधोमध त्याचं शेत, लांबी दोनशे ऐंशी मीटर. ते मिळालं नाही तर वर्तुळ होत नाही, नुसता मोठा बांगडीचा तुकडा होतो. तीनदा गेले त्याच्याकडे. पहिल्यांदा म्हणाला, कुणी पडलं तर माझ्यावर दावा लावतील. दुसऱ्यांदा म्हणाला, कुत्री गुरांमागे लागतील. तिसऱ्यांदा वायव्येकडे बघत पाऊस येईल एवढंच म्हणाला. आला.

इतक्यात गॅव्हिगनला कळलं की राज्यमंत्र्यांचा सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मोकळा आहे आणि निवडणूक जवळ आहे. झालं. नकाशे छापले, गोल चित्राच्या पाट्या ठोकल्या, फीत बांधली. मी सभेत विचारलं की वर्तुळ अजून गोल नाही त्याचं काय. गॅव्हिगन म्हणाला, "ईटा, लोक चालायला लागले की ते आपोआप पूर्ण होईल." (देवाच्या राज्याबद्दल तू असंच काहीसं बोलायचास.) रविवारी दीडशे माणसं पुलावरून निघाली, पुढे सायकलवाले, मग बाबागाड्या, मग अकॉर्डियनवाले, शेवटी मी. गिरणीमागे लॅव्हिनच्या काटेरी कुंपणाशी सगळे थांबले, कारण पुढे जायला जागा नव्हती, आणि मागचे येतच राहिले, कारण त्यांना सांगायला कुणी मागे गेलं नव्हतं. आपल्या चर्चच्या फादर हॅनिफींनी कुंपणापर्यंत पवित्र पाणी शिंपडलं, पलीकडे एक थेंब जाऊ दिला नाही. राज्यमंत्री म्हणाले, हा पहिला टप्पा. मग अख्खी मिरवणूक उलटी वळली आणि त्या अरुंद वाटेवर सायकलवाले स्वतःच्याच बाबागाड्यांवर आदळले. गॅव्हिगन खाजखुजलीच्या झुडपात पडला. घट्ट चड्डीतून ती आरपार जाते. मलम मीच लावलं आणि त्याला पुरेसं दुखेल याची काळजी घेतली.

मी मात्र परतले नाही. कुंपणात गुरांनी पाडलेली एक खिंड होती, तिच्यातून मी सायकल घातली. नर्सिंग होमची धुराडी समोर दिसत होती (डोळ्यांच्या डॉक्टरला हे सांगणार आहे). निम्म्यावर पुढचं चाक चिखलात गेलं. लॅव्हिनचे अकरा गोऱ्हे माझ्याभोवती गोल करून उभे राहिले. गावात त्या दिवशी पूर्ण झालेलं तेवढं एकच वर्तुळ. वीस मिनिटांनी लॅव्हिन कुत्र्यासकट आला.

"काय, नर्सबाई, बसला होय?"

"बसले नाही, जार्लथ. अडकले आहे."

"हां. आज हवा बरी आहे."

"बरी आहे."

"डिंपनाकडे निघालात?"

मी टोपलीतला पेपर वर करून दाखवला. त्यानं सायकल टोपलीसकट उचलली, परत खिंडीपाशी आणून ठेवली आणि टोपी डोक्यामागे सारली. माझे बूट अजून वाळलेले नाहीत. गावात आता सगळे त्या वाटेनं कुंपणापर्यंत जातात, कुंपणाला हात लावतात आणि परत येतात. गॅव्हिगननं नवी पाटी लावली आहे: 'उत्तम दृश्यासाठी येथून मागे वळा.'

एरवी सगळं ठीक आहे. गुडघ्याला शेक दे.

तुझी बहीण,
ईटा

ता.क. जार्लथ शेवटी काय म्हणाला ते वर राहिलं. म्हणाला, "माझं असतं तर कधीच दिलं असतं, नर्सबाई. पण मी पडलो भाड्याचा माणूस. फादरना सांगा की." गावात सगळे ते शेत लॅव्हिनचं म्हणतात आणि तूही विसरला असशील, म्हणून सांगते: घर मला आणि ते शेत तुला, असं बाबांनी केलं होतं. मार्गासाठी काउन्सिलनं तुला तीन पत्रं पाठवली आणि तू पहिल्याला लिहिलंस, 'बघू.' तू चाळीस वर्षं त्यागावर प्रवचनं दिलीस, ती मी फोनवरही ऐकली आहेत. सोबत संमतीचा फॉर्म आहे. खालच्या रेघेवर सही कर. दोन मिनिटांचं काम आहे, गोल्फच्या आधी होईल.

आणखी एक. शोधाशोध करून पेन नाही मिळालं तर राहू दे. सोबतचा फॉर्म नुसती प्रत आहे. मूळ फॉर्म मंगळवारीच गेला, तुझ्या सहीसकट. तुझं अक्षर मला येतं. सेमिनरीत गेल्यावर पहिल्या वर्षी तू आईला दोन पत्रं लिहिलीस. तिला चौदा मिळाली. काउन्सिलची बाई तुला फोन करेल, तुझ्याकडे सकाळ असेल तेव्हा. ती विचारेल, ही सही तुमची का. तू हो म्हण. शाळेत सिस्टर बेनिग्नांनी आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नाही आणि मी तुलाही सांगणार नाही. तू हो म्हटलंस की ते खरंच होतं.

शनिवार. पाकीट अजून टाकलेलं नाही, म्हणून लिहिते. जार्लथनं तुझ्या होकाराची वाट पाहिली नाही. सही बघून परवा संध्याकाळीच कुंपण तोडलं आणि काल दुपारपर्यंत खडी पसरली. (सही कुणाची हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या आईला शेवटच्या दिवसांत मीच बघत होते.) काल चार वाजता मी सायकलनं गेले, बारा मिनिटांत पोचले. डिंपना झोपली होती. मी उठवलं नाही. तिच्या बशीतली बिस्किटं खाल्ली, पेपर माझा मीच वाचला आणि आले. आज पुन्हा जाते, तेव्हा तुझा होकार सावकाश कळवलास तरी चालेल.