निळा वाडगा आणि गॅसची भट्टी

यवतमाळ,
२२ मे

चि. रुपालीस नलूताईचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? राजूरची कोळशाची धूळ अजून खिडकीतूनच येते, की आता दारातूनही? आम्ही इकडे खुशाल. (तुझ्या भाऊजींची खाज उतरली. कसली खाज ते खाली येतंच.) फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस आणि मला राग येतो, म्हणून पत्र.

तर मी घरामागे भट्टी बांधली. गॅसवरची, मातीची भांडी भाजायची. बत्तीस वर्षं शाळेत पोरांकडून केळी आणि सूर्योदय काढून घेतल्यावर निवृत्तीत काहीतरी स्वतःचं करावं, म्हणून पुण्याला शिबिराला गेले होते. तिथल्या बाईंनी मातीशी बोलायला शिकवलं. भाजणं चौथ्या दिवशी असतं म्हणे. शिबीर तीनच दिवसांचं होतं. भट्टी म्हणजे एक लोखंडी ड्रम, आतून आग सोसणाऱ्या लोकरीचं अस्तर, खाली बर्नरला भोक, वर झाकण. अस्तर तुझ्या भाऊजींनी लावलं, उघड्या अंगानं, कारण "उकडून राह्यलं". ती लोकर मेंढीची नसते, काचेसारख्या टोचऱ्या तंतूंची असते. तीन दिवस ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव सांगत होते.

उद्घाटनाला शेजारचे सदाशिवराव (निवृत्त प्राचार्य, कात्री स्वतःची आणतात). मागच्या गल्लीतला फुलचंद कुंभारही आला, न बोलावता. (माती त्याच्याकडूनच आणली होती, ते सोड.) त्यानं एक प्याला गालाला लावून पाहिला. "मॅडम, ओला हाय. कायले घाई करून राह्यल्या?" मी त्याला समजावलं की ही गॅसची भट्टी आहे, तुमच्या गोवऱ्या-लाकडांच्या आव्यासारखी नाही. पाऊण तासानं आत फटाके वाजू लागले. सदाशिवराव भाषणात "मृत्तिका" या शब्दापर्यंत आले होते. तिथून थेट रस्त्यावर गेले, एक चप्पल ठेवून. चाळीस प्याल्यांचे फक्त कान ओळखू येत होते.

दुसऱ्या खेपेला आठ दिवस वाळवलं. भर दुपारी ज्योत मंदावली, पाहते तर सिलिंडरवर बर्फ! बाहेर पंचेचाळीस डिग्री. गॅस भराभर ओढला की असं होतं; सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवायचा असतो. पण तोवर समोरच्या इंदूबाईंनी पन्ह्याच्या दोन बाटल्या त्याला टेकवल्या होत्या आणि तुझ्या भाऊजींनी पाठ. "तुह्या भट्टीनं पयल्यांदा सुख देल्लं," म्हणाले. शेवटी फुलचंदनंच सगळ्यांना हाकललं, टब आणला आणि संध्याकाळपर्यंत आगीचा रंग पाहत बसला. मी तापमापक पाहत बसले. आमचं एकमत झालं नाही. बरोबर त्याचं निघालं.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. झिलई मी इतकी सढळ लावली होती की प्याले भट्टीतल्या फळीला चिकटले. छिन्नीनं काढावे लागले, म्हणजे निघालेच नाहीत. धड एकच, निळा वाडगा. हातात घेऊन उलटा करून पाहिला. तो फुलचंदचा. कोपऱ्यात जागा उरली होती म्हणून त्यानं माझीच झिलई पातळ लावून सहज ठेवलेला. मी रडले. (धूर नव्हता.)

असो. उन्हात फिरू नकोस. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
नलूताई

ता. क. तुझ्या लेकीच्या, खुशीच्या लग्नात पाहुण्यांना माझे दीडशे प्याले द्यायचे म्हणून मी तुला अडवलं होतं. स्टीलचे डबे सांगून टाक.

ता. क. दोन. तो वाडगा मी सदाशिवरावांना माझा म्हणून दाखवला. त्यांना त्यात आत्मा दिसला, आणि तो त्यांनी तीन ग्रुपवर पाठवला. रात्रभर झोप नाही. सकाळी जाऊन खरं सांगितलं, तर म्हणाले, "फुलचंदचा होय? मग साधाच आहे." त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि फुलचंदला मी "तुमच्या आव्यासारखी नाही" म्हणाले होते ते आठवलं.

ता. क. तीन. भट्टी गेल्या आठवड्यात फुलचंदच्या अंगणात नेऊन दिली. मी रोज सकाळी सातला तिथे जाते. चाकाला अजून हात लावू देत नाही, म्हणतो, "पयले माती तुडवा, मॅडम." साडीत ते जमत नाही. तुझे जुने दोन सलवार-कुर्ते पाठव. गडद रंगाचे.