मोरचुदाची खळ

मंगळवार, उजाडताना

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्या यमूला ओकाऱ्या होताहेत, हिरव्या-निळ्या.

मी चित्रं जमवते, सिगारेटच्या पाकिटातली, क्रिकेट खेळणाऱ्या साहेबांची. भुसावळ ठेसनावर कामाला असलेला भाऊ गाडीच्या डब्यात पडलेली आणून देतो. वहीत चिकटवताना कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला. विषारी असतो, माहीत होतं मला. काल सांजेला ओली वही खाली ठेवून पाण्याला गेले. परत येते तर पोर चाटत बसलेली. बॅटवाल्या साहेबाचं तोंडच गेलेलं. आणि मी काय केलं? आधी चित्र ओढून घेतलं. आधी चित्र! पोरीचं तोंड मग पाहिलं.

सासूबाई ओरडल्या, "तुन्हा चित्रंसनी मन्ही नात खाई टाकी!"

हे मिरच्या घेऊन सुरतेला गेलेत. रात्री गाडी नव्हती. आता पहिल्या गाडीनं आम्ही दोघी यमूला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेतो. डॉक्टरला दाखवायला तो बिनतोंडाचा साहेब घेतलाय.

हे पान उंबऱ्यावर उघडं ठेवते. जो वाचेल त्यानं नंदुरबार ठेसनातल्या मास्तरला भुसावळला माझ्या भावाला फोन करायला सांगावं. म्हणावं, चित्रं आणू नको. नुसता ये.